जवाईबापूचं कार्ड

नवऱ्याचं नाव घेऊ नाई म्हणतात. पण आता पन्नाशी उलटली, मले कोण काय म्हणते? भोजराज. भोजराज मेश्राम. भरवेलीच्या खदानीत मँगनीजचा दगड निवडण्यात ज्याईची सारी उमर गेली, आन् आता रिटायर होऊन बालाघाटच्या घरात बसून जे दिवसभर माहं डोकं खातात, तेच हे. माणूस वाईट नाई. पण सरळ गोष्ट सरळ करतीन तं शपथ!

याईची एक खोड आहे. कोणतीबी चीज असो, दोन हातात दोन घेऊन तोलल्याबिगर याईले चैन पडत नाई. खदानीतली सवय. चांगला दगड काळा आन् वजनदार, हलका दगड बाजूले फेकायचा. बजारात वांगे घ्यायले गेले तरी एक या हातात, एक त्या हातात. भाजीवाली चंपाबाई म्हणते, "भाऊ, वांगं आहे ते, सोनं नोहे." मोठ्या पोरीच्या लग्नात दोन मंडपवाल्याईच्या खुर्च्या याईनं अशाच उचलून पाह्यल्या आन् जड खुर्चीवाल्याले काम देल्लं. त्या खुर्च्या सरकवता सरकवता आमच्या पाव्हण्याईचे खांदे दुखले.

दुसरी खोड म्हणजे जवाई. अपेक्षा आमची मोठी, नागपुरात देल्ली. लोकेश जवाई कंप्यूटरच्या ऑफिसात कामाले. पोरगा गरीब स्वभावाचा, तोंडातून वाकडा शब्द नाई. पण आमच्या याईले जवाई म्हणजे काय वाटते, ते विचारूच नोका. पोरीच्या घरचं पाणी पिऊ नाई, ही जुन्या लोकाईची रीत. आता कोण पाळते? हे पाळतात. नागपूरले जातात तं बालाघाटातून पाण्याची बाटली भरून नेतात, आन् पोरीच्या सोफ्यावर बसून आपल्याच बाटलीतलं कोमट पाणी पेतात. अपेक्षा रडकुंडीले येते. "बाबा, निदान चहा तं घ्या." नाई म्हणजे नाई. मी? मी चहा पेते आन् वरून बिस्कुट मागून खाते. पोरगी माह्या पोटची, तिच्या घरचा चहा मले काय बाधते?

अशा माणसाले जवायाकडून एक वस्तू घ्या लागली. तीच ही गोष्ट.

लग्नानंतर अपेक्षा आन् जवाईबापू पहिल्यांदा घरी आले, तवा जवाईबापूनं थैलीतून एक पुडकं काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. म्हणाले, "बाबा, हे श्रुतिकासाठी. ग्राफिक कार्ड आहे. तिच्या कंप्यूटरात बसवून देतो." श्रुतिका आमची धाकटी. तिले तवा नुकताच कंप्यूटरचा नाद लागला होता.

ग्राफिक कार्ड म्हणजे काय, हे मले तवाबी समजलं नाई आन् आताबी पुरतं समजलं असं नाई. श्रुतिकानं सांगतलं ते इतकंच, का पडद्यावर जे चित्र हलते ते हलवायचं काम या पाटीचं. पाटी जेवढी दमदार, चित्र तेवढं बिना अटकता चालते. वीतभर लांब पाटी, तिच्या पोटाले एक पंखा.

मी याईच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. घ्यावं तं पोरीच्या घरचं घेतलं, नाई म्हणावं तं जवायाचा अपमान. माणूस घामाघूम! शेवटी दोन्ही हात पुढं केले. पुडकं उघडून कार्ड उलटंपालटं करून पाह्यलं, हातावर तोललं. पंख्याच्या पात्याईवरून बोट फिरवलं. मंग म्हणाले, "भारी चीज आहे." जवाईबापूचा चेहरा असा खुलला का विचारू नोका. त्याईनं सोताच्या हातानं कंप्यूटरचा डब्बा उघडून ते कार्ड बसवून देल्लं, वायर लावून देल्ली.

तवापासून त्या कार्डाचं काय कौतुक, बाप्पा बाप्पा! आल्यागेल्याले पाणी देण्याआधी डब्बा दाखवत. "हे आमच्या जवायानं देल्लं." श्रुतिका म्हणे, "बाबा, मशीन लय अटकते," तं याईचं उत्तर ठरलेलं. "मशीन अटकत असंन, कार्ड नाई अटकत. तुलेच बरोबर चालवता येत नसंन." पोरगी पुन्हा मशीनीपुढं जाऊन बसे.

श्रुतिकाचं काम असं, का ठेकेदार लोक घराचा नकाशा देतात आन् ती कंप्यूटरात ते घर उभं करते. नुसतं चित्र नाई, त्या घरात चालता येते. एकदा तिनं मले अजून पाया न खोदलेल्या घराच्या स्वयंपाकखोलीत फिरवून आणलं. मी म्हटलं, "अवं, मोरी खिडकीखाली पाह्यजे. इथं काय बाई अंधारात भांडे घासंन?" तिनं बसल्याजागी मोरी खिडकीखाली नेली. मले तं वाटलं पोरीच्या हातात जादू आहे. पण मशीन अशी, का घराच्या दारातून आत पाय टाकायचा तं पडदा जागीच थिजून जाय. ठेकेदार बाजूले बसून घडी पाहे, आन् मंग म्हणे, "बेटा, रहने दो, हम गोंदिया में करवा लेंगे." असे किती जण उठून गेले. गल्लीतल्या बाया मले विचारत, "तुमची श्रुतिका दिवसभर खोलीत काय करते वो?" तिच्या बरोबरीची रीना नर्स झाली, दुसरी कोणी बैहरले सरकारी शाळेत लागली. मी काय सांगू? पोरगी घर बांधते म्हणू?

मंग या उन्हाळ्याच्या तोंडाले नागपूरच्या एका मोठ्या ऑफिसातून तिले एक बंगला आला. परीक्षाच समजा. त्या बंगल्याची चालती फिल्म करून सोमवारी सकाळी पाठवायची. पसंत पडली तं काम पक्कं, आन् तेबी घरी बसून करता येईन. पोरीनं ते दोनदा वाचून दाखवलं. आन् आमच्या याईनं त्यातलं "घरी बसून" एवढंच ऐकलं, आन् डोळेच भरले याईचे. एक पोरगी नागपूरले गेली. हिनं तरी डोळ्यापुढं राहावं, याच्यापलीकडं या माणसाले दुनियेत काई नोको होतं.

म्हणून हे सोताच उठले आन् नागपूरले जाऊन नवं कार्ड घेऊन आले. दोन पंख्याचं. आन् ऐका गंमत! नागपूरले जाऊन पोरीच्या घरी पाय न ठेवता परत आले. काहून? तं नवं कार्ड घेतलं हे जवायाले समजलं तं त्याईले काय वाटंन! मी म्हटलं, "तुमी चोरी करून आले का?" तं माह्यावरच डोळे वटारले.

बसवायले प्रीतमले बोलावलं. प्रीतम म्हणजे बसस्टँडजवळ कंप्यूटर दुरुस्त करणारा पोरगा, हिंदीतच बोलते. त्यानं डब्बा उघडला आन् म्हणे, "अंकल, पुराना निकाल के उसी जगह नया लगेगा."

याईनं डब्ब्यावर हातच ठेवला. "निकालना नहीं. वो दामाद का है."

"अंकल, ऊपर वाली जगह ही असली है. नीचे भी एक जगह है, पर..."

"पर-वर कुछ नहीं. ऊपर दामाद का रहेगा. नया अभी आया है, नीचे बैठेगा."

"और स्क्रीन की तार? तार तो नए में लगानी पड़ेगी."

"तार दामाद ने अपने हाथ से लगाई है. जैसी है वैसी रहने दो."

प्रीतमनं माह्याकडं पाह्यलं, श्रुतिकाकडं पाह्यलं. त्याले परसवाड्याले भावाच्या लग्नाले जायचं होतं, बाहेर गाडी हॉर्न वाजवून राह्यली होती. "आपकी मशीन, आपकी मर्जी," म्हणून त्यानं नवं कार्ड खालच्या खाचेत बसवलं आन् पसार झाला. खरं सांगते, मलेबी तवा त्यात काई वावगं वाटलं नाई. पंगतीत जवाई वर बसते, धाकटे खाली. कार्डाईचंबी तसंच असंन.

आन् तेथूनच आमचं डोकं फिरायले सुरुवात झाली.

श्रुतिकाजवळ कार्डाचा दम मोजायचा एक प्रोग्राम होता. पडद्यावर आगीचे गोळे, धावते घोडे असं काईबाई दाखवते आन् शेवटी आकडा देते. जुन्या कार्डाचा आकडा तिनं आधीच काढून ठेवला होता. नवं बसल्यावर तिनं पुन्हा चालवलं. घोडे धावले. आकडा आला, तो आधीपेक्षा कमी!

"अव माय," मी म्हटलं, "नवं घातलं तं कमी कसा झाला?"

श्रुतिकानं पुन्हा चालवलं. अजून कमी. हे म्हणाले, "उलटा वाचत नाईस ना तू?" पोरीनं कपाळाले हात लावला.

मंग याईनं आपली खदानीतली जाँच सुरू केली. डब्ब्याचं झाकण काढून एक हात जुन्या कार्डाजवळ, एक नव्याजवळ. जुनं तापून लाल, आन् त्याचा पंखा पिठाच्या गिरणीवाणी घरघर करे. नवं गारढोण. त्याचे दोन पंखे, दोन्ही उभे. एक पातं हलंन तं शपथ! "पाह्य," हे म्हणाले, "काम करणारा माणूस घामानं भिजते. हे नवं कामचोर आहे. नाव मोठं आन् लक्षण खोटं."

मी म्हटलं, "मंग दुकानदारानं फसवलं का?"

"फसवलं नसंन. नव्या जमान्याचं आहे, याले कामाची सवय नाई."

श्रुतिका म्हणे, "बाबा, नव्या कार्डाचे पंखे काम नसलं का बंदच राहतात. गरम झालं का फिरतात."

"मंग गरम काहून नाई होत?"

"तेच तं समजून नाई राह्यलं."

मी दोन्ही कार्डाईच्या नावातला आकडा वाचला, नव्याचा खोक्यावर, जुन्याचा पाटीवर. जुन्याचा आकडा लहान, नव्याचा दांडगा मोठा. मी म्हटलं, मोठा आकडा म्हणजे मोठं कार्ड, सरळ आहे. तं श्रुतिका म्हणे, "नाई आई. पुढचे आकडे पिढीचे, मांगचे दर्जाचे. नव्या पिढीतलं हलकं कार्ड जुन्या पिढीतल्या भारी कार्डाच्या मांगंबी पडू शकते." घ्या! म्हणजे नातू आजोबापेक्षा नवा, पण कुस्ती कोण जिंकंन ते आकड्यावरून सांगता येत नाई. पण आपलं जुनं तं आपल्या पिढीतबी हलकंच होतं म्हणे. मंग नातवानं तं जिंकाले पाह्यजे ना? पोरगी फोनवर एकामागून एक व्हिडिओ पाहे. एक म्हणे वीज पुरत नसंन, दुसरा म्हणे मशीनच जुनी आहे, तिसरा म्हणे प्रोग्राम नवा टाका. तिनं टाकला. आकडा तेथंच. एक ना धड, भाराभर चिंध्या.

शेजारचे डोमाजी, याईच्याच बरोबर खदानीतून निघालेले, ते येऊन डब्ब्यापुढं उकिडवे बसले. त्याईचं म्हणणं, "भोजराज, म्हातारा बैल आन् गोऱ्हा एका जुवाले जुंपले तं गोऱ्हा म्हाताऱ्याच्याच चालीनं चालते. तसं झालं आहे हे." हे म्हणाले, "मंग काय करू?" डोमाजी म्हणे, "एक सोड." याईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

श्रुतिकानंबी म्हणून पाह्यलं. "बाबा, जुनं काढून पाहू ना. एकदाच."

"त्याले हात लावायचा नाई."

"बाबा, बंगल्याची फिल्म होऊन नाई राह्यली. पायरी चढता चढता बंद पडते."

"नव्याले काढून टाक मंग. जवायाचं होतं तवा निदान आकडा तं जास्त येत होता."

पोरीनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "बापाचं मन मोडू नोको. प्रीतम येईन परत, मंग पाहू." प्रीतमचा फोन लागत नव्हता. परसवाड्यात लग्नात नाचत असंन मेला. पोरगी सोता काढू शकत होती, पण तिलेबी खात्री नव्हती. काढलं आन् मशीन चालूच नाई झाली तं? सोमवार पुढं आलेला. ती तशीच त्या अटकणाऱ्या पडद्यापुढं बसून एकेक पायरी चढवे, मशीन बंद पडे, पुन्हा पहिल्या पायरीवर येई. जेवण सोडलं तिनं.

आन् त्यातच रविवारी अपेक्षा आन् जवाईबापू! भरवेलीले माह्या भासऱ्याच्या, म्हणजे याईच्या मोठ्या भावाच्या, नातवाचं बारसं होतं, ते आटोपून दुपारी आमच्याकडं जेवायले येतो म्हणून फोन आला. झालं! याईच्या तोंडचं पाणी पळालं. मले म्हणे, "डब्बा झाक."

"काहून?"

"जवाईबापूले खाली नवं दिसंन ना!"

"दिसलं तं दिसलं. वरची जागा तं त्याईचीच आहे."

ऐकतीन तं ना! माही जुनी सुती साडी चौघडी करून डब्ब्यावर पांघरली, वरून स्टीलचा तांब्या ठेवला. मशीन चालू, आत श्रुतिकाचा बंगला, आन् वरून साडी! मी स्वयंपाकघरात होती. चिन्नोरचा भात टाकला होता, कोंबडीचा रस्सा उकळत होता. जवाई आले, जयभीम झाला, पाणी झालं. हे डब्ब्याच्या पुढं खुर्ची टाकून असे बसले का जसा पहारेकरी.

तेवढ्यात श्रुतिका ओरडली, मी पळत बाहेर आली. पडदा काळा झाला होता. सकाळपासून जोडलेल्या साऱ्या पायऱ्या गेल्या. पोरगी टेबलावर डोकं ठेवून रडायले लागली, लहान लेकरासारखी. "उद्या सकाळी द्यायचं आहे. आता नाई होत. झालं माहं."

जवाईबापू उठले. याईले बाजूले सरकवलं, अगदी अदबीनं हो, पण सरकवलं. तांब्या उचलला, साडी ओढली, झाकण काढलं. आतून असा गरम वारा आला का मले रश्श्याची वाफ बरी. जवाईबापू आत पाहतच राह्यले. मी म्हटलं, आता राग येईन त्याईले. आमचे हे भिंतीकडं तोंड करून उभे.

"बाबा, नवीन कार्ड खाली आणि माझं वर? असं कोणी बसवलं?"

"तुमचं देल्लेलं आहे," हे भिंतीलेच बोलले. "तुमाले खाली कसं बसवू?"

जवाईबापूले हसावं का रडावं समजेना. म्हणाले, "बाबा, पडद्याची वायर जुन्यातच आहे. म्हणजे सगळं काम जुनंच करतंय. नव्याला कोणी काम सांगितलंच नाही, म्हणून ते थंड. आणि जुन्याच्या पंख्याच्या नाकाखाली नवं आडवं बसवलं, त्याला हवा कुठून मिळणार? तापलं की ते स्वतःच हळू होतं. वरून ही साडी!"

म्हणजे काखेत कळसा आन् गावाले वळसा. इतके दिवस आमी दोन कार्डाईची तुलना करत होतो म्हणे. तुलना कोठची? दोन्ही वेळा जुनंच धावलं होतं. एकदा मोकळ्या नाकानं, एकदा नाक दाबून. नवं बिचारं पायाशी बसून नुसतं पाहत होतं, आन् आमी त्याले कामचोर म्हणून राह्यलो होतो.

त्याईनं मशीन बंद केली. आपलं कार्ड काढलं, टेबलावर ठेवलं. नवं वर बसवलं, वायर त्यात लावली. मशीन चालू केली. श्रुतिकानं डोळे पुसून बंगला उघडला. अन् बाप्पा! दार उघडलं आन् ती सरळ आत गेली. पायऱ्या चढली. वरच्या गच्चीवर गेली, तेथून खाली बगीच्यात झाडाचं पान हलताना दिसलं. नव्याचे दोन्ही पंखे फिरायले लागले, पण आवाज इतका बारीक का मी कान लावून ऐकला. ती पुन्हा खाली आली, पुन्हा वर गेली. कुठंच अटकलं नाई. पोरगी हसत होती आन् डोळे वाहून राह्यले होते. मोजायचा प्रोग्राम चालवला तं आकडा कोठच्या कोठी गेला. आमचे हे तो आकडा पाहून म्हणाले, "हा बरोबर आहे का?" सवय! दिवस मावळायच्या आत फिल्म नागपूरले गेलीबी.

मंग जेवण, दुपारचं ते दिवेलागणीले. साऱ्याईचा जीव भांड्यात पडला होता. जवाईबापूनं दोन घास खाल्ले आन् हात थांबवला.

"बाबा, एक सांगू? रागवू नका. ते कार्ड मी विकत घेतलं नव्हतं. आमच्या ऑफिसातल्या जुन्या मशीनी भंगारात निघाल्या होत्या, त्यातून साहेबांना मागून आणलं. पहिल्यांदा सासरी यायचं, हातात काही नव्हतं. आणि तुम्ही त्याला इतकी वर्षं..." अपेक्षानं मान खाली घातली. तिले माहीत असंन.

मी म्हटलं, आता हा माणूस काय म्हणते कोण जाणे.

हे शांतपणे भात कालवत म्हणाले, "मले मालूम होतं."

"काय?"

"हातात घेतलं तवाच समजलं. पेचाईच्या खाचा घासलेल्या होत्या. पात्याईत धूळ होती. नवी चीज वर्तमानपत्रात कोण बांधते, जवाईबापू? पण तुमी इतक्या आशेनं देऊन राह्यले होते. मी जुनं म्हटलं असतं तं तुमचं तोंड एवढंसं झालं असतं. पोरगी देल्ली होती तुमाले. जवायाची मान आमच्या दारात खाली नाई जायले पाह्यजे."

जवाईबापूच्या डोळ्यातून टपकन पाणी पडलं ताटात. खोटं काहून बोलू? इतक्या वर्षाचा संसार, पण मले वाटलं, हा माणूस मी आज पाह्यला. मी याईच्या ताटात रस्सा वाढायले वाकली.

तवा श्रुतिका बोलली. हळूच. "बाबा, तुमाले मालूम होतं?"

"हौ."

"का कार्डच भंगारातलं आहे?"

"हौ, बेटा."

"मंग मी म्हणे मशीन अटकते, तवा तुमी मले काय म्हणत होते?"

हे भातातच बोटं फिरवत राह्यले.

"तुलेच चालवता येत नाई म्हणत होते. ठेकेदार उठून गेले तवा मी दारं लावून रडत होती बाबा. मले वाटे माह्यातच काई कमी आहे. मी हे कामच सोडून देणार होती. तुमाले मालूम होतं, आन् तुमी मले एकदाबी नाई सांगतलं." तिचा आवाज चढला नाई, तेच वाईट होतं. "जीजूले वाईट वाटू नाई म्हणून. आन् मले?"

"अवं, ते जवाई. तू तं घरची," हे म्हणाले. बोलून गेले, आन् मंग याईचा घास हातातच राह्यला.

श्रुतिकानं ताट पुढं सरकवलं नाई, उठून गेली नाई, आदळआपट केली नाई. तिनं मान घालून भात संपवला आन् ताट उचलून मोरीत ठेवलं. मले तिच्या मांगं जायचं होतं, पण काय सांगायले जाऊ? बापाचं मन मोडू नोको म्हणून मीच तं तिले गप केलं होतं.

चार-पाच दिवसानं नागपूरहून फोन आला. फिल्म पसंत पडली होती. काम पक्कं! मी पोरीच्या तोंडात साखर घातली. फोनवरच्या बाईनं विचारलं, घरून करणार का ऑफिसात येणार? तुमची इच्छा. आमचे हे दारात उभे होते, हातात चप्पल धरून. मी याईकडंच पाहून राह्यली होती.

श्रुतिका म्हणाली, "मी तिकडंच येते, मॅडम. होस्टेल पाहते."

ती याईच्या पाया पडली, माह्या पडली. चांगलं बोलली. भांडण नाई, रुसवा नाई. बॅग भरायले लागली. हे बराच वेळ खोलीच्या दारात उभे राह्यले, मंग स्वयंपाकघरात माह्याजवळ आले. मी कणीक मळत होती.

"गीता," हे म्हणाले, "नवं कार्ड आता वर बसलं ना?"

"हौ."

"मशीन आता अटकत नाई ना?"

"नाई अटकत."

"घरी बसून करता येत होतं. मंग काहून चालली वो ती?"

मले सारं समजत होतं. पण त्या माणसाच्या तोंडाकडं पाह्यलं आन् माही जीभच रेटली नाई. मी म्हटलं, "मले नाई बाप्पा तुमच्या मशीनीतलं काई समजत."